व्याली केळ

भोईवाडा, परळ
रविवार, ता. ८ मे १९६०

चि. सौ. वासंती हिला आत्याचा पोटभर आशीर्वाद. आम्ही दोघं भावंडं इथं हातपाय हलवून आहोत. तू आणि तुझी छबी बऱ्या असाल. शेजारच्या कांताच्या हाती धाडलेले डिंकाचे लाडू पोचले म्हणाली, पण तू खाल्लेस का ते तिला सांगता येईना. बाळंतिणीनं लाडू वाटत बसायचं नसतं, एवढं ध्यानात ठेव.

चाळीमागचं आपलं परसू आता तू ओळखायची नाहीस. कागदी लिंबू फुलावर आलंय. पपईची रोपं मोठ्या कौतुकानं वाढवली आणि निम्मी नर निघाली. नुसता फुलांचा डौल, फळाचं नाव नाही. तुझे नाना, म्हणजे आमचा चिंतामण म्हणाला, "समितीच्या मीटिंगला असतात तसले." स्वतः समितीत असून.

केळीचं शेवटी लिहीन म्हणत होते, पण हात तिकडंच जातो.

तू वसईहून राजेळीचं पिल्लू आणून मोरीच्या पाण्यावर लावलं होतंस, ती केळ केव्हाच गेली. केळ एकदाच विते आणि जाते. बुडाशी पिल्लं येतात, त्यातलं एक जोमदार ठेवायचं, बाकीची काढायची, नाहीतर सगळीच खुरटतात. तू गेल्यापासून हे काम चिंतामण करतो. चुलीतली राख घालायची मी, पिल्लू निवडायचं त्यानं. तिथं माझा शब्द चालत नाही. घड उतरला की चाळभर वाटतो आणि स्वतः एक केळं चाखत नाही. दाताला चिकटतं म्हणतो. मेल्याचे सगळे दात शाबूत आहेत.

तू गेलीस त्या वेळचं मी काढणार नव्हते. मुंबई कुणाची म्हणून रस्त्यात डोकी फुटत होती, हा नुकता तुरुंगातून सुटून आलेला, आणि तू दारात उभी राहून गुजराथ्याच्या घरी जाते म्हणालीस. त्यानं उंबरा बंद केला. रमणिकलाल माणूस वाईट, असं तोही कधी म्हणाला नाही. बोलून बसला, आणि बोललेलं परत कसं घ्यायचं ते त्याला आजवर जमलं नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं. पौषात मी त्याला म्हटलं, "आणायला जाऊ का पोरीला?" तर तांब्या उचलून केळीला पाणी घालायला गेला. त्यावर मला पुढं लिहवत नाही.

मुलगी झाल्याचं कांतानं येऊन सांगितलं, तेव्हा मी मुद्दाम मोठ्यानं बोलले आणि रात्री त्याच्या पानात साखर वाढली. मुकाट्यानं खाल्ली. मला वाटलं, ऐकलंच नाही.

आता परवाचं सांगते. एक तारखेला महाराष्ट्र होणार म्हणून भोईवाड्यात घरटी तोरणं लागली. गल्लीच्या तोंडाशी कमान उभी केली, तिला केळीचे खांब हवेत आणि बाजारात केळी सापडेनात. आदल्या संध्याकाळी रघुवीर कोयता घेऊन परसात आला, मागं चाळीतली आणखी मंडळी. रघुवीर म्हणजे चिंतामणाबरोबर तुरुंगात होता तो.

"चिंतामणराव, तुमची केळ काढतो. चांगली उंच आहे."

"नको. वडाळ्याला बघा, मिळतील."

"वडाळ्याला कशाला? कमान तुमच्याच सांगण्यावरनं उभी राहिली ना?"

"राहिली. पण ही नको."

रघुवीर हसला. "मोर्च्यात लाठ्या खाल्लेला माणूस, आणि एका केळीपायी हात आखडतो? काय, गुजराथला धाडायचीय की काय?"

थट्टाच ती, मनात काही नव्हतं त्याच्या. पण चिंतामण केळीला पाठ लावून उभा राहिला.

"व्यालीय ती," म्हणाला. "बाळंतिणीला कोयता लावतात का रे?"

केळ व्याली असं आपण नेहमीच म्हणतो. पण बाळंतीण हा शब्द निघाला आणि त्याचा आवाज चिरकला. तुझी बातमी चाळीत सगळ्यांना ठाऊक. रघुवीरनं कोयता खाली धरला. "भाऊ, पानं तरी घेऊ?" "घ्या. वरची सोडून." कमान शेवटी माडाच्या झावळ्यांवर भागवली. चांगली दिसली हो.

सगळे गेल्यावर त्यानं घडाला बांबूचा टेकू दिला, पाखरं टोचू नयेत म्हणून गोणपाट गुंडाळलं. पाठमोरा असतानाच विचारलं, "तिकडं तिचं कोण करतं?"

"कुणाचं? केळीचं?"

"अक्के, छळू नकोस."

मग सांगितलं, सासू जिवाला जपते, शेकशेगडी करते, कांता बघून आली. "मग ठीक," म्हणाला, आणि सुंभाची गाठ सोडून पुन्हा बांधत बसला.

काल जेवताना आपणहून म्हणाला, "घड श्रावणात उतरेल. पोर तेव्हा सहा महिन्यांची होईल ना?" होईल म्हटलं. "तिला मामा नाही. उष्टावण कोण करणार?" मामा नसला तर पहिला घास आजोबानं भरवायचा, हे त्याला ठाऊक नाही असं थोडंच आहे. पण तो माझ्याकडे बघत राहिला, आणि भात तसाच राहिला पानात.

वासंते, तू ये असं मी लिहीत नाही. तू इथून मान खाली घालून गेली नव्हतीस, तशी यायचीही नाहीस. उंबरा ज्यानं बंद केला त्यानंच उघडावा.

हे लिहिते आहे आणि तो पुढ्यात येऊन बसलाय. पाकीट मी करतो म्हणाला. बराच वेळ नुसता टाक धरून होता. मग विचारतो, "सौभाग्यवती वासंतीच्या पुढं काय लिहायचं?"

"नवऱ्याचं नाव."

"तेच विचारतोय."

मी सांगितलं. एकेक अक्षर जपून काढलं त्यानं. तेव्हा हे पत्र फोडायच्या आधीच तुला कळलं असेल, पाकिटावर कुणाचा हात फिरलाय ते. रागवायचं असेल तर खुशाल रागाव, तुझा हक्क आहे. जमलं तर समोर बसून रागाव.

छबीचा गालगुच्चा घे. रमणिकलालांना आम्हा दोघांचा आशीर्वाद सांग. दोघांचा असं लिहून मी ते त्याला वाचून दाखवलं. खोडून टाक म्हणाला नाही.

तुझी
यशोदाआत्या