झाड उभं असेपर्यंत

बाबा,

आज दुपारी झाडतोडीवरच्या माणसांना मी दोर कुठे बांधायचा ते दाखवत होते. ट्रॅक्टर आपल्या घरी होता तसाच लहान, धानाच्या बांधीत, त्या तुकड्याएवढ्या शेतात, वळेल एवढा. माणसं कुऱ्हाडीबरोबर वाढलेली, ट्रॅक्टर मात्र बहुतेकांना नांगरापुरता माहीत. झाड पाडताना दोर झाडाच्या उंचीच्या दुपटीहून लांब हवा. ट्रॅक्टरला तो खालच्या दांड्यालाच बांधायचा. जागा अपुरी असेल तर दुसऱ्या झाडाला कप्पी लावून बाजूने ओढायचं, म्हणजे ट्रॅक्टर झाडाच्या वाटेत येत नाही. आणि झाड उभं असेपर्यंत कोणी कोणाला नाव घेऊन हाक मारायची नाही, फक्त शिट्टी. हे शेवटचं सांगितलं की कोणीतरी हसतंच. आज एकजण म्हणाला, “काऊन म्याडम? नाव घेतलं त भूत लागते का?” मी त्याला कारण सांगितलं. कारण खरं आहे, पण अर्धं आहे. उरलेलं अर्धं तुमच्याकडचं आहे, म्हणून लिहायला बसले.

नावाची ही रीत तुम्ही शेजारच्या टोल्यावरच्या, त्या चार घरांच्या वस्तीतल्या, म्हाताऱ्या गोंड लाकूडतोड्याकडून उचललीत. त्यानेच तुम्हाला झाड वाचायला शिकवलं होतं: कुठे झुकलंय, आतून पोकळ आहे का, खाच कोणत्या अंगाला घ्यायची. तो म्हणायचा, झाडाला कुऱ्हाड लागली की ते ऐकू लागतं. त्या वेळी ज्याचं नाव कानावर पडेल त्याला ते लक्षात ठेवतं. आपल्या घरातले देव आजोबांनी दीक्षा घेतल्यावर उचलून नदीत सोडले होते. त्यामुळे आई तुम्हाला टोमणे मारायची. “तेहतीस कोटी टाकले, अन् हे एक झाड कायले ठेवलं?” तुम्ही कुऱ्हाडीला धार लावता लावता म्हणायचात, “हे देवाचं नाई, कामाचं आहे. अन् झाडाले कान असते त कुऱ्हाड पाहूनच पळालं असतं.” तुम्ही हसायचात. पण झाडापाशी तुम्ही कधी कोणाचं नाव घेतलं नाहीत. दोर ओढायचा असला की नुसतं “हो”, थांबायचं असलं की हात वर.

त्या वर्षी धान कापून झालं होतं. काकांच्या घराकडे झुकलेलं येनाचं वाळकं झाड पावसाळ्याआधी पाडायचं होतं. खोड तुम्ही आणि काका आऱ्याने कापणार आणि झाड घराच्या उलट्या बाजूला, रिकाम्या बांधीत ओढून घेणार. ट्रॅक्टरवर बसायला तिसरं माणूस हवं होतं. मी दहावीत होते आणि मला क्लच कळत होता. तो तुम्हीच शिकवला होता, चिखलणीच्या दिवसांत, शेजारच्या बायका धुऱ्याच्या बांधावर उभ्या राहून बघत असताना. “पोट्टीले ट्रॅक्टर शिकवून काय नवरदेवाच्या घरी नांगराले धाडतं का?” असं त्यांच्यातली एक म्हणाली होती, आणि तुम्ही म्हणाला होता, “नवरदेवालेच मांगं बसवून आणन पोट्टी.”

मी ट्रॅक्टरवर बसलेली आहे. झाडाच्या उंचावर बांधलेला दोर माझ्या डोक्यामागून येतो, मधल्या धुऱ्याच्या मातीवर घासतो. तुम्ही ते पाहता. बैलांनी ओंडके ओढणारा प्रत्येक माणूस ते पाहतो, कारण धुऱ्यावर घासून तुटलेले दोर आपल्याकडे सगळ्यांनी पाहिलेले असतात. म्हणून तुम्ही दोर खालून सोडवता आणि वर बांधता, नांगराचा वरचा दांडा जिथे अडकतो त्या पिनेला. बैलांच्या बाबतीत हे बरोबरच होतं. जू खांद्यावर असतं, दोर वरूनच जातो, धुरा मोकळा राहतो. दोर आता मातीला लागत नाही. तुम्ही समाधानाने मान हलवता आणि झाडाकडे जाता.

आरा चालल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. मग तुमचं “हो” आलं. मी क्लच हळूच सोडला, शिकवला होता तसाच. दोर ताठ झाला. मागची चाकं जमिनीत बसली आणि झाड हललं नाही. समोरचं बोनेट वर यायला लागलं. मला आधी समोरची बांधी दिसत होती, मग पळसाची झाडं, मग नुसतं आभाळ. मी घाबरले नाही, कारण हे काय होतंय ते मला कळलंच नाही. तेवढ्यात तुम्ही माझं नाव घेतलंत. पूर्ण नाव, शाळेच्या हजेरीतलं, एवढ्या मोठ्याने की पलीकडच्या बांधीतले बगळे उडाले. माझा पाय आपोआप क्लचवर दाबला गेला. पुढची चाकं आदळली. माझे दात एकमेकांवर बसले, बाकी काही झालं नाही.

काका आऱ्याला टेकून हसायला लागले. “पोट्टीनं ट्रॅक्टरचा घोडा केला, भाऊ.” तुम्ही हसला नाहीत. माझ्यापाशी आलात, चावी काढून घेतलीत आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, “उतर. आतापासून याच्यावर बसाचं नाई.” मी म्हणाले, “माझं काय चुकलं?” तुम्ही म्हणालात, “घरी जा, बाई.” मी घरी गेले. झाड पडल्याचा आवाज मी चुलीपाशी बसून ऐकला. आईने वरण ढवळता ढवळता विचारलं, “इतक्या लवकर काऊन आली?” मी सांगितलं, तिथे माझं काम संपलं.

त्या दिवसापासून मी तुमच्यासाठी “बाई” झाले. पुढे कधी “मास्तरीण”, कधी “आमची विद्यार्थीण”, कोणी विचारलं तर “मोठी पोरगी”. नाव नाही. हे माझ्या लक्षात यायला थोडे दिवस लागले आणि एकदा आल्यावर मी ते मोजल्यासारखं ऐकत राहिले. दहावीनंतर तुम्ही मला चंद्रपूरला पाठवलंत, आधी वसतिगृहात, मग यंत्रांच्या पदविकेला. वर्गात मी एकटीच मुलगी. गावाने तुमचं कौतुक केलं. मला मात्र वाटत होतं की मला ट्रॅक्टरवरून उतरवलं तसं घरातूनही उतरवलंय. बाहेरच्या बाईला बोलावं तसं हा माणूस माझ्याशी बोलतो, तर मीही पाहुणीसारखंच वागेन, असं मी ठरवलं. मला ते जमतं. आजही जमतं. माझ्या हाताखालची माणसं म्हणतात, म्याडमच्या तोंडावरून काही समजत नाई.

पदविकेच्या दुसऱ्या वर्षी सरांनी फळ्यावर ट्रॅक्टरची आकृती काढली आणि मागच्या आसाच्या वर एक बाण दाखवला. दोर आसाच्या वर बांधला आणि ओढलेली वस्तू हलली नाही, तर ओढणारं यंत्र स्वतःच्याच मागच्या चाकांभोवती उलटतं. चालक खाली सापडतो. आसाच्या खाली बांधला तर पुढचं टोक उलट जमिनीवर दाबलं जातं. सर पुढे गेले, मी त्या बाणापाशीच थांबले. दिवाळीच्या सुट्टीत घरी आले ती तुम्हाला हे सांगायला. माझी चूक नव्हती, पिनेची होती. कितीतरी वेळा मनात वाक्य तयार केलं होतं. तुम्ही गोठ्यात होतात. मी सांगितलं. तुम्ही गव्हाणीतला पेंढा सारखा करत ऐकलंत आणि म्हणालात, “चाल, दाखवतो.”

आपण येनाच्या जागी गेलो. बुंधा काळा पडला होता. मधल्या धुऱ्यात एक खाच होती, हातभर रुंद, गवत चढलेली. “तू घरी गेल्यावर फावड्यानं कापला,” तुम्ही म्हणालात. “दोर खाली बांधला, यातून काढला. मंग मीच बसलो, अन् काकानं कापलं.” म्हणजे तुम्हाला त्याच दिवशी समजलं होतं. मी विचारलं, “मग तेव्हाच का नाही सांगितलं?” तुम्ही त्या खाचेतलं गवत पायाने बाजूला सारलंत. “तुयी चूक नोहोती, बाई. मी बांधला होता.” एवढंच. मला हवं होतं ते उत्तर मिळालं, असं मी धरलं. चूक कोणाची ते ठरलं, विषय संपला. आता वाटतं, तिथे आणखी एक प्रश्न उभा होता, अगदी सोपा, नावाचा. तो विचारला असता तर तुम्ही बहुतेक हसून टाळलाही असता. पण विचारलेलं तुम्हाला ऐकू गेलं असतं.

त्या सुट्टीनंतर परत जाताना कुरखेड्याच्या स्टँडवर तुम्ही खिशातून एक पितळी शिट्टी काढून दिलीत, शाळेतल्या ड्रिल मास्तरांकडे असते तशी. “ओरडाची गरज नाई पडत,” म्हणालात. मला वाटलं, मुलीने मोठ्याने बोलू नये असं सुचवताय. मी ती बॅगेच्या तळाशी टाकली आणि एसटीत खिडकीकडे तोंड करून बसले.

पुढच्या पावसाळ्यात तुम्हाला ताप आला. मी गडचिरोलीच्या दवाखान्यात पोचले तेव्हा तुम्ही गेला होतात; उशीखालचा टॉवेलही काढून घेतलेला होता. बाकीचं मला आईने नंतर सांगितलं, तुमचे कपडे वाळत घालताना, जणू धान कुठे ठेवलंय ते सांगावं तसं. तापात तुम्ही सारखं विचारत होता, “बाई आली का?” नर्सने विचारलं, बाई म्हणजे कोण, पोरगी का, नाव काय तिचं, तार करायची आहे. तुम्ही तोंड फिरवलंत. मग आईला म्हणालात, “तू सांग. मी नाई घेत.” नर्सला वाटलं ताप डोक्यात गेलाय. आई म्हणाली, “त्यायनं तुयं नाव घेतलं होतं ना त्या येनापाशी. तवापासून घेतलंच नाई. मी म्हणो, झाड पडलं, जळालं, त्याची राख झाली, आता घ्या ना. त त्ये म्हणे, एकदा ऐकलं आहे त्यानं. दुसऱ्यांदा कायले आठवण द्याची?”

मी आईला म्हणाले, ही अंधश्रद्धा आहे. ती म्हणाली, “हो, ते बी हेच म्हणत.”

मी यावर पुष्कळ विचार केला आहे, बाबा. दोर कुठे बांधला ते तुम्हाला ठाऊक होतं. ती चूक तुमच्या हातची होती आणि तुम्ही ती फावड्याने दुरुस्त केलीत. नाव घेतलं म्हणून मी वाचले, तेही ठाऊक होतं. तरी त्याची दुरुस्ती तुम्हाला सापडली नाही, तेव्हा तुम्ही ते नावच बाजूला ठेवलंत. मी त्याला दुरावा समजले आणि तेवढाच दुरावा मोजून परत केला. आता त्यातलं काही भरून निघत नाही. आसाच्या वर की खाली, एवढं सरळ हे असतं तर बरं झालं असतं.

आज त्या माणसाला मी सांगितलं की नाव ऐकलं की माणूस झाड सोडून हाक मारणाऱ्याकडे बघतो, आणि झाड अंगावर यायला तेवढा वेळ पुरतो. शिट्टी ऐकली की सगळे झाडाकडे बघतात. त्याला पटलं. तो म्हणाला, “हे बराबर आहे म्याडम, भूत नाई, मान फिरते.” शिट्टी गळ्यात होती, तुमचीच.

हे पान कोणाला देता येत नाही, तेव्हा माझ्याकडेच राहील. वर तुमचं नाव लिहिलं नाही आणि खाली माझंही लिहीत नाही. उद्या सकाळी झाड पाडायचं आहे.