आईच्या काठीवरची पट्टी

४ तारीख, मंगळवार

पट्टी परत निघाली. सुतारकामाचा पांढरा गोंद भरभरून लावला होता, वरून दोरी गुंडाळली होती. आईने काठी जिन्यावर आपटली आणि पट्टी खणकन खाली. पितळेची, बोटाएवढी. तिच्यावर आईचं नाव आणि माझा फोन नंबर.

आई म्हणते, "कुणाचं तरी काहीतरी पडलं बघ."

मागच्या महिन्यात ती चार तास सापडली नव्हती. गळ्यात लॉकेट घातलं, तिने फेकलं. स्वेटरला नंबराची चिठ्ठी शिवली, उसवली. काठी मात्र सोडत नाही. बाबांची आहे. चालायला तिला ती लागतच नाही, माझ्यापेक्षा झपाझप चालते. पण काठीशिवाय घराबाहेर पाऊल नाही. म्हणून ही पट्टी.

५ तारीख, बुधवार

हार्डवेअरवाला हसला. "ताई, लाकूड गोंद पितं. पितळ कसं पिणार?" झटपट चिकटणारी छोटी नळी दिली. पट्टीच्या आधी माझी दोन बोटंच एकमेकांना चिकटली. आई खो खो हसली. कितीतरी दिवसांनी.

७ तारीख, शुक्रवार

निघाली. काठी दारावर आपटली आणि पट्टी तटकन सुटली.

भाऊ फोनवर – "खिळे ठोक की." काठी चिरेल म्हटलं. "मग दार बंद ठेव." तू ये आणि ठेव बंद! फोन ठेवल्यावर रडले. मला काहीच जमत नाही. एवढीशी पट्टी चिकटवता येत नाही, आईला काय सांभाळणार मी.

८ तारीख, शनिवार

आईने नवी छत्री दूधवाल्याला देऊन टाकली. "भिजत होता बिचारा." बाहेर लख्ख ऊन.

१० तारीख, सोमवार

परत हार्डवेअरवाला. आता दोन नळ्यांचा एपॉक्सी गोंद. त्याने बिलाच्या पाठीमागे लिहून दिलं – काठीचं पॉलिश खरवडा. पट्टीची मागची बाजू पॉलिश पेपरने खरखरीत करा. थिनरने पुसा. दोन्ही नळ्यांतलं सारखं घेऊन कालवा. घट्ट बांधा, एक दिवस हात लावू नका. "आणि ताई, घाई नको."

सगळं तसंच केलं. काठी माळ्यावर लपवली.

११ तारीख, मंगळवार

आई दिवसभर दाराशी उभी. "यांची काठी कुठे गेली? मी कशी जाऊ?" दहा वेळा विचारलं. मी दहा वेळा खोटं बोलले. पाय दुखेपर्यंत उभी राहिली, बसली नाही.

१२ तारीख, बुधवार

दोरी सोडली. स्क्रूड्रायव्हर घालून पट्टी उचकटून पाहिली – हलत नाही. हातोडीच्या दांड्याने ठोकली – हलत नाही. आईच्या हातात काठी दिली तर तिने ती गालाला लावली.

आता जिवाला घोर नाही. दुपारी जरा पडते.

१३ तारीख, गुरुवार

काल मी झोपले होते तेव्हा आई काठी घेऊन बाहेर पडली. पोलिसांत सांगितलं, सगळीकडे फिरले. आज सकाळी बसच्या कंडक्टरचा फोन – "तुमच्या आई स्टॉपवर बसल्यात. काठीवर नंबर मिळाला." तशीच अनवाणी धावले. बाकावर कुणी अनोळखी म्हातारी बसलेली. मांडीवर बाबांची काठी, पट्टी जागच्या जागी.

"एका बाईने दिली," ती म्हणाली. "म्हणाली, मला लागत नाही, तुम्ही घ्या."