हळदीने पिवळी झालेली बाची

बाबा, मी कानस हातात घेतली, आणि काही बिघडलं नाही.

विंडसरच्या घरी, बेसमेंटमध्ये, गेले तीन आठवडे माझं हेच चाललं होतं. मी शामिसेन शिकते आहे. तीन तारांचं जपानी वाद्य आहे ते, तारा छेडायला हातात बाची धरावी लागते. बाची म्हणजे आपलं उलथणंच समजा, मूठ बारीक आणि टोकाला पसरट. क्लासमधली बाची माझ्या दुखऱ्या मनगटाला जड व्हायला लागली. आमच्या जपानी बाई सत्तरीच्या आहेत. त्या म्हणाल्या, "फाइंड अ लाइटर वन. नाहीतर एप्रिलच्या कार्यक्रमात तू ऐकायला बस," असंच काहीतरी, सगळं इंग्रजीत. मला ऐकायला बसायचं नव्हतं. म्हणून रिसायकलिंगच्या डब्यात टाकलेला जुना प्लास्टिकचा चॉपिंग बोर्ड मी परत काढला, ओली हळद चिरून चिरून पिवळा पडलेला. मुठीसाठी तुटक्या स्नो शोव्हलच्या, म्हणजे बर्फ उपसायच्या फावड्याच्या, दांड्याचा तुकडा कापला. मुलगी जिन्यावरून म्हणाली, "आई, जस्ट ऑर्डर वन ना. इट्स सो मच वर्क." मी म्हटलं, "म्हणूनच करतेय."

तुम्हाला आठवत नसेल, मला आठवतं. रविवार आहे, तुम्ही कारखान्यातून आणलेला पकडीचा व्हाइस स्वयंपाकघराच्या ओट्याला लावलाय आणि दादाला शिकवताय. कानस पुढे जाताना कापते, मागे येताना उचलायची, नाहीतर दाते मरतात. मी दारात लसूण सोलत बसले आहे, बारा वर्षांची. दादा कंटाळून पाणी प्यायला गेला तेव्हा मी उठले आणि कानस तीनदा फिरवली. तुम्ही ती माझ्या हातातून काढून घेतलीत. "राहू दे. तुझ्या हातात ते नाहीच." रागावला असतात तर मी भांडले तरी असते. तुम्ही अगदी सहज बोललात, हवा कशी आहे ते सांगावं तसं, आणि मी ते चाळीस वर्षं खरं मानलं. साधा खिळा ठोकायलाही नवऱ्याला हाक मारत आले. त्याचा मला आता संताप येतो, बाबा. तुम्ही चुकलात. टूलरूममध्ये तुमच्या हाताचं नाव होतं, तरी चुकलात.

पहिली बाची वाकडी झाली. दुसरीची कड तारेला खरवडायची. तिसरी मुठीत बसवून दोन स्क्रू मारले, कारण त्या प्लास्टिकला गोंद धरत नाही, आणि शनिवारी क्लासला नेली. बाईंना लांबून ती जुनी हस्तिदंती वाटली. हळद आहे म्हटल्यावर हसल्या. मग कडेवरून अंगठा फिरवला, स्वतः वाजवून पाहिली आणि माझं नाव कार्यक्रमाच्या यादीत लिहिलं. "हू टॉट यू?" त्यांनी विचारलं. मी ताठ मानेने म्हटलं, "नोबडी."

घरी येऊन मुठीचा एक कोपरा टोचत होता तो घासायला घेतला. कानस पुढे गेली, मागे येताना उचलली गेली. पुन्हा पुढे, पुन्हा उचलली. मी थांबून हाताकडे बघत राहिले.

बाईंना मी खोटं सांगितलं. ते मी दुरुस्त करणार नाही. तुम्हाला तेवढं सांगितलं, तेही तुम्ही गेलात तिथे हे पत्र टाकायला पेटी नाही म्हणून.