दंडातल्या काडीविरुद्ध

टिकिम्त महिना, ३ तारीख
कालच्या भाषणाचा खरा खर्च : अर्धा दिवस गिरणी बंद, रांगेतल्या बायका पलीकडच्या गावच्या गिरणीकडे वळल्या, घसा बसला. जमा : तत्त्व शाबूत.
आरोग्यसेविका बिर्तुकान माझ्याच रांगेत बसून दंडात बसवायची काडी दाखवत होती. म्हणे, मूल हवं तेव्हाच होतं, नको वाटली तर काडी काढून टाकता येते. मी मोटर बंद केली आणि सांगितलं, ती अंगात फिरते, काळजात जाऊन बसते. ती म्हणाली, "तेफेरादादा, कुणाच्या काळजात बसलेली पाहिलीत?" म्हटलं, पाहायला कशाला पाहिजे, माझे कान तिखट आहेत. बायका हसल्या. माझ्या बाजूनेच हसल्या असणार.
पोती वाहता वाहता गिरणीचा मालक झालो, तो कुणाचं ऐकून नव्हे.
संकल्प : पुढच्या वर्षी तिमकतच्या सणाला पाचवं मूल मांडीवर. मुलगा. नाव बेरेकेत. चर्चमधल्या बाबांना सांगूनही टाकलं.

टिकिम्त ४
बायकोला, येशीला, संकल्प सांगितला. ती कॉफीचे दाणे भाजत राहिली, पार करपेपर्यंत. गेल्या बाळंतपणात तिचं रक्त फार गेलं, शहरातल्या हॉस्पिटलात ठेवावं लागलं, हे खरं. पण ते आता जुनं झालं. आई म्हणाली, "तुझ्यासाठी जुनं." आईची नऊ बाळंतपणं झालीत. तिला विषय कळतो, म्हणजे ती माझ्याच पार्टीत.

टिकिम्त १२
येशीच्या डाव्या दंडाला पट्टी. आई म्हणाली, इंजेराच्या भाकरीचा तवा लागला, काही दिवस जड उचलायचं नाही. तवा दंडापर्यंत कसा पोचला? मोठा तवा आहे.
पाणी मीच आणतो म्हटलं. बघू देत गावातल्या पुरुषांना.

टिकिम्त १५
नळावर बायका मला वाट करून देतात. मोठ्या माणसाला मान असाच मिळतो. एकीने विचारलं, "दादा, दंडाची सूज उतरली का तिच्या?" दुसरीने तिला कोपर मारलं. बिर्तुकान म्हणाली, "असा नवरा असला की माझं निम्मं काम होतं." हरलीय बिचारी, आता गोड बोलतेय.

ताहसास २
बेरेकेतची बातमी नाही. ख्रिसमसआधीचा उपास चालू, नवरा-बायको वेगळे. दोष कॅलेंडरचा.

ताहसास १०
बायका दळण ठेवतात आणि बिर्तुकानबरोबर आरोग्यकेंद्राकडे जातात. लसीकरण असणार. आज एक दुसरीला सांगत होती, "घे गं, काही होत नाही. गिरणीवाल्याने तर स्वतः पाणी भरलं." पुढचं मोटरच्या आवाजात गेलं. पण सूर कौतुकाचा होता.

तिर ४
गावसभेने मला 'आदर्श नवरा' निवडलं! उद्या सत्कार. भाषण तयार. काडीविरुद्ध. कडक.

तिर ५
भाषण राहिलं.
शाल पांघरताना बिर्तुकान माइकवर म्हणाली, "बायकोच्या निर्णयाला उघड साथ देणारा गावातला पहिला पुरुष!" टाळ्या थांबेनात. शाल काढून ठेवणं बरं दिसलं नसतं.
घरी विचारलं, कसला निर्णय? येशीने माझं बोट धरून स्वतःच्या दंडावर ठेवलं. कातडीखाली आगकाडीएवढं काहीतरी. जिथल्या तिथे.
म्हटलं, उद्याच्या उद्या काढायची! ती म्हणाली, "दंड माझाय. रक्तही माझंच गेलं होतं."
मी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "माझ्याकडे काय बघतोस? मीच नेली होती तिला. ओरडायचंय तर माझ्यावर ओरड."
ओरडलो नाही. घसा जपायला हवा.
चर्चमधल्या बाबांनी निरोप पाठवलाय, बेरेकेतच्या बाप्तिस्म्याची तारीख धरू का?
काडी तीन वर्षं चालते.