कोचच्या शेजारची जागा

कोच, तुम्हाला मराठी येत नव्हतं आणि मला इंग्रजी लिहिता येत नाही. तुम्ही असता तर पंचाईत झाली असती. आता तुम्ही नाहीच, तेव्हा कुठल्या भाषेत लिहिलं तरी सारखंच. चौथीनंतर मी शाळेचं तोंड पाहिलं नाही, अक्षर वेडंवाकडं आहे, चालवून घ्या. तुमचं तरी कुठे चांगलं होतं? कोणी कुठे उभं राहायचं ते तुम्ही फळ्यावर लिहायचात आणि पोरं एकमेकांना विचारायची, हे काय लिहिलंय म्हणून.

लिहायला बसले त्याचं कारण असं, की मागच्या शनिवारी माझ्या लेकीने बॅट गाडीच्या डिकीत फेकली आणि म्हणाली, "आय क्विट, आई. तू कोच आहेस तोपर्यंत तर नक्कीच." हो, मी कोच आहे. हसा. गावच्या मुलींच्या सॉफ्टबॉल टीमला यंदा कोणी मिळेना. इथले सगळे डॉक्टर, प्रोफेसर, सगळे बिझी. कोणी उभं राहिलं नाही तर टीम बंद, असं मीटिंगमध्ये सांगितलं, तेव्हा मी मागून म्हटलं, मी करते, पण संपवा एकदाचं, मला घरी जाऊन कुकर लावायचाय. इतकी वर्षं तुमच्या बेसबॉलच्या मैदानावर झाडू मारला, खेळ मला कळतो. पण पोरी सांभाळणं म्हणजे खेळ कळणं नव्हे. शेवटचा डाव चालू होता, अलगद हातात येणारा चेंडू लेकीने सोडला आणि आम्ही हरलो. मी सगळ्या आयाबापांसमोर ओरडले, "डोळे काय घरी ठेवून आलीस?" ओरडले मराठीतच, पण ओरडणं कळायला भाषा लागत नाही. अकरा वर्षांची पोर, घरी जाईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसली. मला माहीत आहे, ती माझ्यासारखीच आहे. एकदा सोडलं की सोडलं. आणि तिला हा खेळ जीव की प्राण आहे, उशाशी ग्लोव्ह घेऊन झोपते. तेव्हापासून तुम्ही डोक्यातून जात नाही आहात.

आपली ओळखच भांडणाने झाली. मी लग्न होऊन अमेरिकेत आले, नवरा इथल्या कॉलेजची बस चालवायचा, त्याने मला तिथेच सफाईचं काम लावून दिलं. आधी जिमची फरशी दिली, मग तुमचा डगआउट, मैदानाच्या कडेची ती अर्धी जमिनीत गेलेली लांब बाकाची शेड. तुम्ही आणि तुमची पोरं सूर्यफुलाच्या खाऱ्या बिया चघळायचात आणि टरफलं पायाशीच थुंकायचात. ओली टरफलं सिमेंटला अशी चिकटतात की खरवडून काढावी लागतात. एक दिवस माझं डोकं फिरलं. तुम्ही बाकावर बसलेले, गालात बियांचा बोकाणा. मी झाडू तुमच्या पायाशी आपटला. "यू स्पिट, आय क्लीन. व्हाय?" एवढंच इंग्रजी होतं माझ्याकडे, पण पुरलं. नवरा बसपाशी उभा राहून ऐकत होता. नंतर मला म्हणाला, "अगं बाई, कोणाला बोललीस माहितेय का? या माणसाच्या नावाने गाव ओळखतात. माझीही नोकरी घालवशील." तुम्ही मात्र चघळायचं थांबलात, खरंच विचार केलात, झाडू उचललात आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत शेड झाडून काढलीत. पुढच्या मॅचपासून खेळ संपला की आधी टीमचा कॅप्टन झाडू हातात घ्यायचा, मगच पोरं बसमध्ये चढायची. बिया मात्र सुटल्या नाहीत. मी म्हटलं, ही घाणेरडी सवयच सोडा की. तुम्ही म्हणालात, "ते एक जमणार नाही, मॅम." मला मॅम म्हणणारे या गावात तुम्ही एकटेच.

तुमची एक रीत होती, ती मला पुष्कळ दिवस कळली नाही. कोणाच्या हातून चेंडू सुटला, कोणी भलतीकडे फेकला, की तो पोरगा मान खाली घालून शेडमध्ये यायचा. बाकीचे दुसरीकडे बघायचे. तुम्ही बाकावर थोडे उजवीकडे सरकायचात, डाव्या हाताला एका माणसाची जागा व्हायची. तो येऊन बसायचा. तुम्ही बियांची पुडी पुढे करायचात. बस, एवढंच. एक शब्द नाही. मला वाटायचं, हा कसला कोच? आमच्या मास्तरांनी एवढ्यात दोन छड्या मोडल्या असत्या.

मग त्या जागेवर बसायची पाळी माझ्यावर आली. मोसमातली मोठी मॅच आहे, बाहेरची टीम यायची आहे. सकाळी मी सामानाच्या खोलीत जाते तर बादल्या भरून नवेकोरे चेंडू, आणि सगळ्यांना चिखल फासलेला. मला वाटलं, पोरांचा चावटपणा. पाहुणे यायचे आणि चेंडूंची ही दशा? मी गरम पाणी घेतलं, साबण घेतला, ब्रश घेतला, एकूणएक चेंडू घासून पांढराशुभ्र केला आणि टॉवेल अंथरून उन्हात मांडले, पापड वाळत घालावेत तसे. तुमचा असिस्टंट आला आणि डोकं धरून खालीच बसला. नवा चेंडू गुळगुळीत असतो, हातातून निसटतो, म्हणून मॅचआधी त्याला मुद्दाम चिखल चोळतात. मला कोण सांगणार होतं? त्यात कातडं पाणी पिऊन फुगलेलं, म्हणजे ते चेंडू कायमचेच गेले. मी शेडमध्ये जाऊन उभी राहिले. माझी नोकरी गेली, नवऱ्याचीही गेली, आता नणंदेच्या दारात जाऊन उभं राहायचं, असा सगळा हिशेब मनात झाला. तुम्ही आलात, बाकावर बसलात, उन्हातल्या चेंडूंकडे बघितलंत. आणि उजवीकडे सरकलात. मी हललेच नाही. "सिट, मॅम." मी बसले. पुडी पुढे आली. त्या बियांवरून तुम्हाला बोलणारी मी, मूठभर घेतल्या. तेवढ्यात पाहुण्या टीमचा कोच चेंडू मागायला आला तर तुम्ही त्याला म्हणालात, "आमचे आज आंघोळ करून दमलेत, तुमचेच द्या." तो हसला, तुम्ही हसलात, मी मात्र रडले. खारट बिया आणखी खारट लागल्या.

दुसऱ्या दिवशी तुम्ही चिखलाचा डबा माझ्यापुढे ठेवलात. बोटभर चिखल, थेंबभर पाणी, चेंडू दोन तळव्यांत फिरवायचा. मी नेहमीसारखी घाईघाईने चोळायला लागले. तुम्ही माझा हात थांबवलात. "मॅम, चेंडू कुठे पळून जात नाहीये." त्या दिवसापासून तुम्ही रिटायर होईपर्यंत चिखल माझ्याकडे होता. रिकामा डबा अजून माझ्या कपाटात आहे.

तुम्ही त्या एका कॉलेजात जन्म काढलात. मोठ्या कॉलेजांचे फोन यायचे, नवरा सांगायचा, तुम्ही बसमध्येच त्यांना नाही म्हणायचात आणि परत झोपायचात. ज्यांना खेळवलं त्यांची मुलं तुमच्याकडे खेळायला आली. सगळ्यात मोठा कप शेवटपर्यंत मिळाला नाही. कपाटात सगळे दुसऱ्या-तिसऱ्या नंबरचे, मीच पुसायची, मला माहीत. तुम्ही गेलात तेव्हा चर्चमध्ये बसायला जागा नव्हती. तुमच्या बायको उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तुम्हाला सगळ्यांना वाटतं हा फार शांत माणूस होता. घरी तो टोस्टरवरसुद्धा ओरडायचा." सगळे हसले, मीही हसले. मला वाटलं, दुःख हलकं करायला बोलल्या असतील. नंतर तुमची जुनी पोरं सगळी मैदानावर गेली, पोटं सुटलेली, टकलं पडलेली, एकेक जण शेडमध्ये तुमच्या बाकाला हात लावून आला. जाताना त्यातला एक माझ्याकडे आला आणि विचारतो, "झाडू कुठे ठेवलाय?"

तर आजची गोष्ट. टीमला नऊ मुली लागतात, लेक आली नसती तर आठच होत होत्या आणि मॅच तशीच हातची गेली असती. ती आली. "मी त्यांच्यासाठी येतेय, तुझ्यासाठी नाही," हे इंग्रजीत ऐकवून आली. दुसऱ्या डावात परत तेच. उंच आलेला चेंडू, ती खाली बरोबर उभी, ग्लोव्हला लागून सुटला. डाव संपला, पोरी आत यायला लागल्या, सगळ्या आधी माझ्या तोंडाकडे बघतायत. ती सगळ्यात शेवटी आली. मी उजवीकडे सरकले. ती तशीच उभी. "व्हॉट?" मी बाकावर हात थोपटला. ती बसली, मध्ये हातभर अंतर ठेवून. मी पुडी पुढे केली. तिने पुडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, दोन बिया उचलल्या. मग म्हणाली, "आई, तू ओरडणार नाहीयेस?" मी मानेनेच नाही म्हटलं. "आर यू सिक?" पलीकडची एक मुलगी फसकन हसली, मग ही हसली. आम्ही आजही हरलो. पण पुढच्या डावाला ती सगळ्यांच्या आधी मैदानात पळाली, आणि शेवटी मी काही म्हणायच्या आत झाडू तिच्या हातात होता. गाडीत बसल्यावर सीटबेल्ट लावता लावता मला विचारते, "बुधवारी प्रॅक्टिस किती वाजता?"

हे पत्र कुठे टाकणार? तुमच्या घरात आता दुसरे लोक राहतात, अंगणात त्यांच्या मुलांचा झोका आहे. चिखलाच्या डब्यात ठेवते घडी करून. फक्त एक सांगायचं राहिलं. मॅच संपल्यावर आयाबाप येऊन म्हणाले, किती पेशन्स ठेवलात हो. पेशन्स कसला! तिच्या हातून चेंडू सुटला तेव्हा मी अख्खी मूठ बिया तोंडात कोंबल्या होत्या, बोलायला जागाच नव्हती. दोन्ही गाल भरून मी बाकावर गप्प बसले होते आणि अचानक मला तुमच्या गालातला तो बोकाणा आठवला, आणि मग तुमचा टोस्टर, कोच.