पिवळ्या नखांची खूण

कुरुंदा, रविवार

प्रिय मुकुल,

फोन केला असता तर दोन मिनिटांत झालं असतं, असं तू म्हणशील. तसं होत नाही म्हणूनच लिहून राहिलोय. फोनवर तू हसतोस, आणि तुझं हसू ऐकलं की माझं तोंड बंद होतं. तेरा वर्षं हेच चाललंय. गुरुवारी माझी हळद आहे. त्याआधी तुला एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती वाचल्यावर यायचं की नाही ते तूच ठरव. नाही आलास तरी मी बोल लावणार नाही. पण न सांगता तुझ्या हातची हळद लावून घेणं मला जमणार नाही.

आधी तब्येतीचं. कोपराच्या ऑपरेशननंतर हात पार सरळ होत नाही, पण दुखणं गेलं. पूर्वी डोळे उघडले की आधी हात हलवून बघायचो. आता चहा पिऊन झाल्यावर आठवतं, अरे, आज हात बघितलाच नाही. आई तिळाचं तेल कोमट करून चोळते आणि विचारते, काहून रे, दिवसाला पंधरा-वीस चेंडू टाकायला एवढ्या लांब गेला होतास, अन् तेवढ्यानं हात गेला व्हय? तिला काय सांगायचं, मी आपली कोपराची दुसरी बाजू पुढं करतो.

गावाला वाटतं मी तिकडं अमेरिकेत फार मोठा खेळाडू होतो. तुला खरं माहीत आहे. मी बेसबॉलचा रिलीफ पिचर, बदली चेंडू टाकणारा. सामना दुसऱ्यानं सुरू करायचा, तो दमला किंवा त्याला मार बसायला लागला की मधेच मला बोलवायचं. मैदानाच्या कडेला जाळीमागं एक लांब बाक असायचा, त्यावर आम्ही सात जण तीन-तीन तास बसलेले. भिंतीवर एक फोन. तो वाजला की सगळे सरसावून बसायचे. कोणाचं नाव निघालं ते कळलं की त्यानं पाच मिनिटांत हात गरम करायचा आणि दुसऱ्यानं करून ठेवलेल्या घोळात जाऊन उभं राहायचं. कधी तीन फलंदाज, कधी एकच. निस्तरलं तर कोणी लक्षात ठेवत नाही, बिघडलं तर खापर आपल्या डोक्यावर. लग्नघरात ऐनवेळी आचारी पळाला की ज्याला हाक मारतात, तसला मी. अकरा वर्षं हेच केलं, खालच्या दर्जाच्या लीगमध्ये, दर दोन वर्षांनी नवं गाव आणि बारा-बारा तासांचे बसचे प्रवास. आवडायचं मला ते काम, खोटं कशाला बोलू.

तिथं माझी एक ख्याती होती, ती तुला कधी सांगितली नाही. फलंदाजामागं बसलेल्या कॅचरनं कोणता चेंडू हवा त्याची बोटांनी खूण केली आणि पिचरला ती पटली नाही, तर त्यानं मान हलवून नकार द्यायचा असतो. अकरा वर्षांत मी एकदाही नकार दिला नाही. तिकडची पोरं चेष्टा करायची, म्हणायची याच्या मानेचा स्क्रू गंजलाय. एका पेपरवाल्यानं तर लिहिलं, हा भारतातला मुलगा फार नम्र आहे. डोंबलाचा नम्र. पाचव्या वर्षी वरच्या संघानं मला आठ दिवसांसाठी बोलावलं होतं, आठवतं? शेवटच्या सामन्यात कॅचरनं वळणारा चेंडू मागितला. समोरचा माणूस त्याच चेंडूची वाट बघत उभा होता, मला ते स्वच्छ कळत होतं. तरी मान डोलावली आणि टाकला. चेंडू थेट प्रेक्षकांत गेला आणि मी परत खाली. तेव्हा तू फोनवर विचारलं होतंस, तुला कळत होतं तर काहून टाकला रे? मी आईच्या तब्येतीचं काहीतरी बोलून विषय बदलला.

पुढं संघानं मला सोडलं त्या दिवशी मॅनेजर अगदी हळू बोलत होता, पोराला लागेल म्हणून. मला मात्र हायसं वाटलं. आता कोणाच्या बोटांकडं बघायचं नाही, एवढंच मनात आलं.

कारण बोटं म्हटलं की मला तुझीच दिसतात. शाळेच्या संघात तू माझा कॅचर. शाळेमागच्या मैदानावर ऊन उतरलं की तू बसलेला असताना मांड्यांच्या सावलीत तुझी बोटं मला दिसायची नाहीत. शेजारी आमची हळद वाळत पडलेली. तू उठलास, ओलं कांड फोडून नखांना चोळलंस आणि परत येऊन बसलास. एक पिवळं नख म्हणजे वेगवान, दोन म्हणजे वळणारा. आपले खेळाचे सूर्यकांत सर आधी पोट धरून हसले, मग त्यांनी सगळ्या कॅचरांना तेच करायला लावलं.

आता नांदेडची निवड चाचणी. आदल्या दिवशी तुमच्या घरी केतकीताईची हळद होती. तू पहिल्या गाडीनं आलास तो दोन्ही हात मनगटापर्यंत पिवळे घेऊन. बाहेरदेशाहून आलेली माणसं वेग मोजायचं यंत्र घेऊन बसली होती. शेवटचा फलंदाज नेमसिंग. तू दोन बोटं दाखवलीस आणि वळणारा चेंडू घ्यायला खाली, बाहेरच्या अंगाला सरकलास. मी वेगवान टाकला. तो तुझ्या मोजा नसलेल्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर बसला. ते बोट अजून वाकत नाही. तू परत कधी बॅटमागं बसला नाहीस, आणि मी चार महिन्यांनी विमानात बसलो.

दवाखान्यात सरांनी मला विचारलं, खूण दिसली नाही का रे? मी म्हणालो, सर, सगळा हातच पिवळा, एक बोट का दोन काही कळेना. तू पट्टी बांधून घेता घेता हसलास आणि म्हणालास, सर, त्याला बोलू नका, मीच हळदीचा हात घेऊन आलो. मी ते ऐकून घेतलं.

मुकुल, मला दिसली होती. दोन बोटं, बराबर दोन. त्या यंत्रावर मोठा आकडा यावा म्हणून मी वेगवान टाकला. वाटलं तू पकडशील. तू सगळंच पकडायचास.

एवढं लिहून पेन ठेवलं आणि अंगणात एक चक्कर मारून आलो. सुटलो, मुकुल. तुला तकलीफ देऊन मी हलका होऊन राहिलोय, याची लाजही वाटते, पण हलकं वाटतंय ते वाटतंय. जिच्याशी माझं लग्न ठरलंय त्या कोमलला परवा हे सांगायला लागलो, तर तिनं मधेच थांबवलं. म्हणाली, मला काहून सांगता, ज्याचं बोट आहे त्याला सांगा.

आणि आताच का, तेही सांगतो. गेल्या सोमवारी पत्रिका द्यायला मी हिंगोलीला तुमच्याकडं आलो, तेव्हा केतकीताई माहेरी आलेली होती. हळदीपासून यायचं बरं का, असं मी म्हणालो. ती म्हणाली, लग्नाला येते, हळदीला नको. माझ्या हळदीपायी भावाचा हात गेला, तेव्हापासून मी कोणाच्या हळदीत हात घालत नाही. तू चहाचं विचारायला आत गेलास. तेवढ्यात तुझी जाई तुमच्या लग्नाचा अल्बम घेऊन माझ्या मांडीवर येऊन बसली. तुझ्या लग्नात मी तिकडं होतो, ते फोटो मी कधी बघितले नव्हते. हळदीच्या फोटोत तू अंगभर पिवळा, आणि उजवा हात तेवढा रुमाल गुंडाळून हळदीपासून जपलेला. लेकरानं विचारलं, बाबांच्या हाताला काय झालं होतं? तू दारातून म्हणालास, बाबा एकदा चुकले होते बाळा. मुकुल, बाबा चुकले नव्हते. हे पत्र आधी केतकीताईला वाचून दाखव, मग जाईला तिला कळेल असं सांग. हळद गुरुवारी सकाळी नऊला आहे. बाकीच्यांना सगळीकडं लावू देईन, पण उजवा गाल कोणाला हात लावू देणार नाही. तू आलास तर उजवा हात मनगटापर्यंत बुडव. नाही आलास, तर तो गाल तसाच कोरा घेऊन मी मांडवात उभा राहीन.

तुझाच,
दोन बोटं दिसलेला
भागवत