माझ्या खोलीतून मशीन

सोमवार, ७ ऑगस्ट

मॉरीनने आज कमोडची बादली मागच्या पायऱ्यांवर सांडली. मी हसले. हसणार नाही तर काय करणार! म्हणाली, "तुमचंच आहे ते." म्हटलं, "मग जपून न्यावं की. दुसऱ्याची वस्तू आहे."

सून म्हणून ही बाई मिळाली मला. हार्टलपूल बंदरातली. तिथल्या लोकांनी एकदा बोटीतून आलेलं माकड शत्रूचा हेर समजून फासावर दिलं, अशी त्यांची ख्याती. लग्नाच्या जेवणात मी हे सगळ्यांसमोर बोलले होते. अजून तिच्या मनातून गेलं नाही ते.

संध्याकाळी माझ्या मुलाने, क्लिफने जाहीर केलं — मागच्या अंगणात बाथरूम बांधायचं! खालच्या मजल्यावर, स्वयंपाकघराला लागून. खुब्याचं हाड मोडल्यापासून माझा जिना संपला. पुढच्या खोलीत पलंग टाकून पडले आहे. आता म्हणे चाकाच्या खुर्चीतून थेट आत. "आई, तुला बादली नको आणि मॉरीनची पाठही वाचेल." पाठ! बिंगोला जाताना कशी दुखत नाही मेलीची पाठ?

नवरा, अल्बर्ट, गेला तेव्हाच घर क्लिफच्या नावावर करून दिलं. पण ही खोली माझी. भिंतीतली शेकोटीची चूल अल्बर्टने बांधली, तिच्यावरच्या हिरव्या टाइल्स त्याने कोळशाच्या खाणीतून आल्यावर काळ्या हातांनी बसवल्या.

मंगळवार, ८ ऑगस्ट

खोदाईवाला येऊन गेला. कथबर्ट नाव. छोटं मशीन आहे त्याचं, दारातून जाईल एवढं. अंगणात म्हणे वरपासून खालपर्यंत खाणीची राख न् विटांचे तुकडे, "कुदळीने खणायचं तर नाताळ येईल, आजी." म्हटलं, तुझी आजी कोण?

अडचण एकच. मशीन मागे न्यायचं कसं? मागची गल्ली आमच्या टोकाला बंद आहे, आणि त्या बंद टोकात शेजारच्या विल्फच्या लीकचा वाफा. त्याच्या बापाचा होता, आता त्याचा. कांद्याच्याच जातीचे, पण मनगटाएवढे जाड पांढरे दांडे! दर सप्टेंबरात क्लबातल्या प्रदर्शनात जातात. बायको वारली तेव्हा विल्फ चार दिवसांनी दाढी करून बाहेर पडला. लीकला कीड लागली त्या वर्षी महिनाभर कुणाशी बोलला नाही.

तरी हो म्हणाला! "फळ्या टाका, कडेकडेने न्या. एका पानाला धक्का लागला तर मात्र कथबर्टला त्याच खड्ड्यात पुरीन." क्लिफ त्याला बियर पाजायला घेऊन गेला. मॉरीन स्वयंपाकघरात गाणं गुणगुणत होती.

ते गुणगुणणं मला सहन होईना.

गुरुवार, १० ऑगस्ट

मॉरीन दुकानात गेली होती. विल्फ खिडकीवरून चालला होता. काच वाजवली.

"विल्फ, तुला सांगू नये, पण शेजारधर्म आहे. त्या मशीनचं तेल गळतं रे. आणि मॉरीन काय म्हणते माहीत आहे? म्हणते, बायकोला कधी पाणी विचारलं नाही आणि म्हातारा कांद्याच्या पातीला बाळासारखं न्हाऊ घालतो."

त्याचा चेहरा! कानापर्यंत लाल. बायकोचं नाव काढलं की तो असाच होतो.

का केलं? सकाळी तिने माझे केस धुतले, कुत्रं धुतात तसे. पाणी कानात गेलं. मी ओरडले तर म्हणाली, "झालं, झालं." आता वाहा बादल्या!

शनिवार, १२ ऑगस्ट

विल्फ दारात उभा राहून गरजला. प्रदर्शन होईपर्यंत वाफ्याजवळ मशीन काय, मांजरही फिरकायचं नाही. क्लिफ विचारतोय काय झालं, काय झालं, तर म्हणे "तुझ्या बायकोला विचार." दरवर्षी कुणाचे ना कुणाचे लीक सुरीने कापलेले सापडतात, हेवा वाईट. त्यामुळे या दिवसांत ही माणसं अशीच पिसाळलेली असतात; क्लिफला वाटलं त्यातलंच काहीतरी.

मॉरीन रडली. मी स्टॉटी पाव आणि हॅम खाल्लं. दोनदा मागून घेतलं.

सोमवार, १४ ऑगस्ट

मॉरीन तासभर फोनवर, तिच्या आईशी. आयव्ही पुन्हा पडली म्हणे. एकटीच राहते तिकडे, डोळ्यांनी अर्धी आंधळी. फोन ठेवल्यावर मी विचारलं, "माकडीण मेली की आहे?"

मॉरीन पलंगाशी आली. उशी नीट केली माझी. जरा जोरात.

बुधवार, १६ ऑगस्ट

हे काय झालं भलतंच! कथबर्ट परत आला. पुढच्या दारात उभा राहून त्याने घरातून आरपार पाहिलं. पुढचं दार, माझी खोली, स्वयंपाकघर, मागचं दार — सगळं एका रेषेत. "इथून नेतो," म्हणाला.

"माझ्या खोलीतून?"

"खोलीतूनच. एक ओरखडा उमटणार नाही. पलंग हलवावा लागेल तेवढा. आणि तुम्हाला, आजी. इंजिनाचा धूर कोंडतो, तुमच्या छातीला झेपायचा नाही. शिवाय पायाखालची जमीन लाकडी. टेकू लावीपर्यंत कुणी आत नको."

मी म्हटलं, मी हलणार नाही. माझ्या अंगावरून ने.

क्लिफ म्हणतो दोनच रात्री, टेकडीवरच्या वृद्धाश्रमात. आमच्या घरांच्या या रांगेतून टेकडीवर गेलेलं कोण परत आलंय? पलीकडची म्हातारी बेटी गेली, तिचा कुत्रासुद्धा विकला. मी पलंगाची दांडी धरून ठेवली. मला भीती वाटते. इथे लिहिते, कुणाला सांगणार नाही.

गुरुवार, १७ ऑगस्ट

मॉरीन एकाएकी लोणी झाली आहे. ऊन पाणी, मऊ टॉवेल. लीकचं पुडिंग केलं (विल्फचे नव्हेत, बाजारातले). "आई, बाथरूम तुमच्याचसाठी ना?" पाया पडायची बाकी राहिली.

म्हटलं, नाक दाबल्यावर तोंड उघडतंय, तर दाबूनच घेऊ. अटी घातल्या. पहिली — चुलीची एक टाइल फुटली तर कथबर्टचं थोबाड फोडायचं. दुसरी — मॉरीनने विल्फची माफी मागायची. रस्त्यावर, सगळ्यांच्या देखत.

"कशाबद्दल?"

"तू त्याच्या बायकोबद्दल बोललीस त्याबद्दल."

"मी कधी बोलले?"

"ते मला नको सांगूस. माफी माग, मग मी उठते."

माझ्याकडे बघत राहिली. मग तिला कळलं. चांगलंच कळलं! क्लिफ म्हणाला, "माग गं, काय बिघडतं?" हा माझा मुलगा. बाकी कशातही नसला तरी यात माझा.

शुक्रवार, १८ ऑगस्ट

मागितली. दुपारी, बायका दारात उभ्या असताना. मला खिडकीतून सगळं ऐकू आलं. "माझं चुकलं, विल्फ. तिच्याबद्दल मी तसं बोलायला नको होतं." विल्फने टोपी काढली आणि परत घातली. मशीनला वाट मात्र दिली नाही.

घरात आली तर रडेल असं वाटलं होतं. रडली नाही. माझ्या पलंगावर बसली, मोजे घातले मला. "झालं ना मनासारखं?" म्हणाली. आवाज अगदी गोड. मी म्हटलं, झालं.

मंगळवार, २२ ऑगस्ट

मशीन आत गेलं. वृद्धाश्रमाची गाडी येईपर्यंत मला फुटपाथवर खुर्चीत बसवलं होतं, शाल पांघरून, म्हणून सगळं पाहिलं.

हात आहे हं त्या कथबर्टचा. दार बिजागऱ्यांतून काढून ठेवलं. चौकटीला गाद्यांचा फोम बांधला. जमिनीवर आधी चादरी, मग फळ्या. मशीनचे रबरी पट्टे बादल्या ओतून धुतले, पाय पुसून आत ये म्हणतात तसे. पट्टे आत ओढून घेता येतात त्याचे. अंग चोरून उभं राहिलं एवढंसं. मग हा बाजूने चालतोय, मशीन बोटा-बोटाने पुढे. रस्त्यावर सगळी रांग जमलेली. "कथबर्ट, तुझ्या बायकोशी असा नाजूक वागतोस का रे?" "बायको कुठे एवढं ऐकते!" चुलीपाशी आला तेव्हा मी श्वास धरला. टाइल आणि लोखंड यांच्यात माझी करंगळी मावली असती. गेला! एक ओरखडा नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पण.

रिकामी खोली विचित्र दिसत होती. पलंगाच्या पायांचे चार खड्डे गालिच्यावर.

मॉरीनने बॅग गाडीत ठेवली. दोन रात्रींसाठी फार जड वाटली. म्हणाली, "लागेल ते असावं."

रविवार, २७ ऑगस्ट

सिमेंट ओलं आहे म्हणे. पाइपचं काही अडलंय. क्लिफ आला होता, बूट बघत बोलतो. मी त्याला बजावलं — टाइल्स पांढऱ्या लावा, निळ्या नकोत, निळ्यात माणूस प्रेतासारखं दिसतं. मान हलवली.

इथे शेजारच्या पलंगावर एडिथ. सारखी विचारते, "माझी मुलगी आली का?" मी सांगितलं, मुलगी तुला विसरली. दर वेळी नव्याने रडते. दर वेळी नव्याने!

शनिवार, ९ सप्टेंबर

क्लिफ एकटाच. प्लास्टर वाळायचं आहे, "थोडं थांब आई." मॉरीनने हॅम घातलेली स्टॉटी पाठवली, वरून मोहरी. तिच्या हातचं खाणं इथल्या चिखलापेक्षा बरं, हे मी तिला कधी सांगणार नाही.

घरी गेल्यावर काय काय करायचं ते ठरवून ठेवलं आहे. रोज आंघोळ. तिने घालायची. आणि आयव्हीला फोन माझ्या खोलीतून करायचा नाही.

क्लिफला विचारलं, बाथरूमला दार लागलं का? "लागलं," म्हणाला. मग एकदम खोकला.

बुधवार, १३ सप्टेंबर

कुणी आलं नाही.

रविवार, १७ सप्टेंबर

विल्फ आला. लीकला दुसरा नंबर, रिबन दाखवायला घेऊन आला होता. खुशीत होता. म्हणाला, "तुझ्या खोलीतली बाई मोठी गोड आहे गं, एना. मला खिडकीतून हात करते. दिसत नाही बिचारीला, तरी करते."

कोण बाई?

"आयव्ही. मॉरीनची आई. बाथरूमला दार लागलं त्याच दिवशी आणली. पलंग मीच लावून दिला चुलीपाशी. मॉरीन म्हणाली, तुला इथे इतकं आवडलंय की परत यायचं नाही म्हणून तू स्वतः सांगितलंस. साऱ्या रांगेला सांगितलं तिने. आम्ही म्हटलं, एनाचं मन एवढं मोठं आहे हे माहीतच नव्हतं."

मी म्हटलं खोटं आहे. ओरडून म्हटलं, खोटं आहे विल्फ, मला घरी ने! नर्स धावत आली. विल्फने माझा हात हातात घेतला, आणि माझ्याकडे न बघता तिला हळूच विचारलं, "केव्हापासून असं बोलतात या?"